एकटीने की गटात? आधी आवाज तर फुटू दे

नाशिकरोडला आईवडिलांबरोबर राहणारी, अंबडला नोकरी करणारी एक २४ वर्षांची मुलगी विचारते: आठ महिने झाले, थोडं वाचून, थोडं व्हिडिओ बघून पौर्णिमेला खोलीत मेणबत्ती लावते, वर्तुळ आखते. मैत्रीण म्हणते, कोव्हेनशिवाय, म्हणजे दीक्षित लोकांच्या छोट्या गटाशिवाय, विक्का (चेटूक आणि निसर्गपूजेचा हा आधुनिक पाश्चात्त्य पंथ) होतच नाही, तू करतेस तो नुसता छंद. आणि आता एका ऑनलाइन गटाने १५,००० रुपयांत व्हिडिओ कॉलवर ‘गार्डनेरियन फर्स्ट डिग्री’, म्हणजे पहिल्या पायरीची दीक्षा, देऊ केली आहे. एकटीनेच चालू ठेवू, की गटात जाऊ?

तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी इंदिरानगरला राहते. या वाटेला लागले तेव्हा मीही २४ची होते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिली पाच वर्षं एकटी, मग एक वाईट गट, मग एक चांगला गट, आणि आता बहुतेक वेळा पुन्हा एकटी.

आधी त्या पंधरा हजारांचं बघू, कारण ते सोपं आहे. देऊ नकोस. गार्डनेरियन परंपरेत दीक्षा समोरासमोर, वर्तुळात उभं राहून मिळते. तुला दीक्षा देणाऱ्याला कोणी दिली, त्याला कोणी, अशी साखळी मागे थेट या परंपरेचा प्रवर्तक जेराल्ड गार्डनर याच्यापर्यंत जावी लागते. पुरुषाने स्त्रीला आणि स्त्रीने पुरुषाला दीक्षा द्यायची असा रिवाज आहे. आणि शिकवण्याचे किंवा दीक्षेचे पैसे घ्यायचे नाहीत, हाही त्याच परंपरेचा दंडक. मी स्वतः गार्डनेरियन नाही. त्यांचे विधी शपथेखाली असतात, पण एवढ्या गोष्टी ते लोक उघडपणे सांगतात. तेव्हा पैसे भरून व्हिडिओ कॉलवर मिळालेली गार्डनेरियन दीक्षा म्हणजे कुरिअरने आलेली मुंज. मेणबत्त्या, खाणंपिणं, जागेचं भाडं यांची वर्गणी काढणं वेगळं. ती आम्हीही काढतो आणि हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडी असते.

मैत्रिणीचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त पन्नासेक वर्षं शिळं आहे. इंग्लंडमधला १७३५चा चेटूकविषयक कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये गार्डनरने पुस्तक लिहून ही वाट जगासमोर आणली. तेव्हा विक्का म्हणजे कोव्हेनच. जास्तीत जास्त तेरा माणसं, तीन पायऱ्या, दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस उमेदवारी. डोरीन व्हॅलिएन्ट ही बाई १९५३मध्ये त्याच्याकडे दीक्षित झाली. देवीच्या तोंडचं जे निवेदन आजही जगभर वर्तुळांत म्हटलं जातं, त्याचा प्रचलित गद्य मजकूर तिच्याच हातचा. आणि हीच व्हॅलिएन्ट १९५७मध्ये काही जणांना घेऊन बाहेर पडली, कारण गार्डनरला वर्तमानपत्रांत झळकायचा सोस आवरेना. भांडण पेटल्यावर गार्डनरने ‘प्राचीन’ म्हणून एक नियमावली पुढे केली. तिच्यात हाय प्रीस्टेसने, म्हणजे गटाच्या प्रमुख बाईने, वेळ आली की तरुण बाईसाठी खुशीने जागा सोडावी, असंही एक कलम होतं! प्राचीन नियम कसे ऐन वेळी सापडतात, हे आपल्याकडच्या सासवांनाही ठाऊक असतं.

म्हणजे गार्डनरचा स्वतःचा गटसुद्धा तिच्या दीक्षेनंतर चार वर्षांत फुटला. आणि जिने गट आतून पाहिला होता, त्याच व्हॅलिएन्टने १९७८च्या आपल्या पुस्तकात स्वतःच स्वतःला दीक्षा द्यायचा विधी छापला. त्याआधी १९७३मध्ये रेमंड बकलंडने, तोही गार्डनेरियनच, सीॲक्स-विका नावाची शाखा काढून हे दार किलकिलं केलं होतं. १९८८मध्ये स्कॉट कनिंगहॅमचं एकट्याने करणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं आणि दार सताड उघडलं. त्यामुळे ‘एकटीचं ते खरं नाही’ हा वाद आता कोणी घालू नये. तुला गार्डनेरियन किंवा अलेक्झांड्रियन (अशीच दीक्षेवर चालणारी दुसरी परंपरा) व्हायचं असेल तर मात्र गटाला पर्याय नाही, कारण तिथे गट हीच दीक्षा आहे. ते नको असेल तर वाट मोकळी आहे.

विक्काबाहेरच्या पेगन, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवांना मानणाऱ्या, वाटांचंही तसंच, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. नॉर्डिक देवांच्या उपासकांमध्ये ‘सम्बेल’ असतं: भरलेला पेला सगळ्यांत फिरतो आणि ज्याच्या हातात येईल तो देवांचं, पूर्वजांचं नाव घेऊन बोलतो. एकटीने पेला फिरवायचा तरी कुणाकडे? उलट ग्रीक देवांना मानणारे पहिला वाटा चुलीच्या देवतेला, हेस्तियाला देतात. त्याला घर पुरतं. ड्रुइडांमध्ये, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणाऱ्यांमध्ये, १९६४पासूनची ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ घरबसल्या शिकवते. तिथे फी असते, पण ती अभ्यासक्रमाची आणि उघड छापलेली. दीक्षेचा दर नसतो.

आता माझं सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासात सापडलं नाही.

२००६मध्ये कनिंगहॅमच्या पुस्तकाची झेरॉक्स हातात आली. आई झोपल्यावर मागच्या खोलीत बसायचे. ज्योत विझते म्हणून पंखा बंद, त्यामुळे मे महिन्यात घामाच्या धारा. खडेमीठ, तांब्याचा तांब्या, आजीची पितळी वाटी. विधीतली सुरी, अथामे, मी कधी आणलीच नाही. आमच्या घरात सुरी उशाखाली जाते ती फक्त बाळंतिणीच्या, आईला दिसली असती तर भलताच गहजब झाला असता. मी बोटानेच वर्तुळ आखायचे. आणि मंत्र, आवाहनं, सगळं मनातल्या मनात.

पाच वर्षांनी पहिल्यांदा चार लोकांत उभी राहिले आणि कोणीतरी म्हणालं, चार दिशांपैकी पूर्वेचं आवाहन तू कर. घशातून आवाजच फुटेना. शब्द पाठ होते, पाच वर्षांचे पाठ होते, पण ते कधी माझ्या कानांनी ऐकलेच नव्हते. बाहेर पडलं ते शाळेत उभं करून विचारल्यासारखं काहीतरी पुटपुटणं. त्या रात्री घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या आणि दुसरी गोष्ट ध्यानात आली. २००९च्या वहीत ओळीने नऊ रात्रींच्या नोंदी होत्या. कावळा ओरडला, संकेत. वात फडफडली, संकेत. नऊही रात्री निघालेला निष्कर्ष एकच: देवी म्हणतेय नोकरी सोड. देवी कशाला म्हणतेय! साहेबाशी पटत नव्हतं माझं. ती वही त्या वेळी कोणी वाचली असती तर पहिल्याच पानावर म्हणालं असतं, बाई, तुझी झोप पुरी होत नाहीये.

एकटीने करण्यात धोका आहे तो हा. आळशीपणा येतो, पण तो दिसतो तरी. आपणच आपलं प्रश्न विचारणार, आपणच उत्तर देणार, हे मात्र दिसत नाही.

पण त्याच पाच वर्षांनी मला एक गोष्ट दिली, जी कुठल्याही गटाने दिली नसती. मी इथलं आकाश बघायला शिकले. विक्काचे आठ सण इंग्लंडच्या ऋतूंवर बसवलेले आहेत. लंडनला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमधला मोठा साडेसोळा तासांच्या पुढे जातो. तिथे यूलला, म्हणजे त्या लहान दिवसाच्या सणाला, ‘सूर्य परत ये’ म्हणणं पोटातून येतं. नाशिकला लहान दिवस जवळपास अकरा तासांचा आणि मोठा सव्वातेराच्या आसपास. सूर्य आपल्याकडून कधी जातच नाही! १ ऑगस्टला त्यांचा लूनसा, पहिल्या पिकाचा सण. आपल्याकडे तेव्हा इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला गुडघाभर चिखलात भाताची आवणी चाललेली असते. कापणी कसली नि काय कसली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा इम्बोल्क, मेंढ्यांना दूध उतरण्याचा; आपल्याकडे द्राक्षं उतरायला लागतात. आणि ऑक्टोबरात, त्यांच्याकडे सगळं मरणाकडे झुकत असताना, निफाड-दिंडोरीकडे बागांची गोडी छाटणी चालते, म्हणजे फळाची सुरुवात. एकटी होते म्हणून मला हे सावकाश बघता आलं. छाटलेल्या वेलीच्या चार काड्या समोर ठेवून साऊइन, ऑक्टोबरअखेरचा पूर्वजांचा सण, केलं, कुणाला विचारायचं नव्हतं. पौर्णिमा तर आपल्या रक्तातच आहे, तिला कालनिर्णय पुरतं.

गटाकडे वळू. पहिला गट दुसऱ्या शहरातला होता. सुरुवातीला ‘ऐच्छिक देणगी’ ५,१०० रुपये, चौथ्या महिन्यात दुसऱ्या पायरीचे २१,०००. पैशांचं मी सोसलं असतं, कारण तेव्हा मला माणसांची भूक होती. पण गटात एक मुलगी नैराश्याच्या गोळ्या घेत होती आणि प्रमुखाने तिला सांगितलं, गोळ्यांनी तुझी शक्ती दबते, बंद कर. मी विरोध केला तर म्हणे, तुझी कंपनं अजून खालची आहेत. मी उठले. त्या मुलीला तिच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि तो गट माझ्यासाठी तिथेच संपला. कोणी औषध बंद करायला सांगितलं की त्या माणसाची विद्या, वंशावळ, दाढी, काही बघायचं नाही.

नाशिककराला हे सांगायची खरं तर गरज नसावी. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला आणि वैष्णव रामकुंडावर स्नान करतात, त्यामागे अठराव्या शतकातली आधी स्नान कोणी करायचं यावरची रक्तरंजित मारामारी आहे. साधना मोठी असली म्हणून मान-अपमान सुटतो असं नाही, मग आपण चार मेणबत्तीवाले कोण लागून गेलो!

आयझॅक बॉनविट्स नावाचा एक अमेरिकी ड्रुइड होता. त्याने १९७९मध्ये गट किती धोकादायक आहे हे मोजायची एक मोजपट्टी छापली. एकेका मुद्द्याला एक ते दहा गुण: प्रमुखाचा माणसांच्या खासगी आयुष्यावर ताबा किती, पैसा किती मागतात, बाहेरच्यांशी बोलायला किती बंदी, सोडून जाणाऱ्याला किती अडवतात. मला त्यातला सर्वांत आवडतो तो विनोदाचा मुद्दा: गटाची, त्यांच्या मतांची, प्रमुखाची थट्टा केलेली चालते का? पहिल्या भेटीत एखादा साधा विनोद करून बघ. आमच्या पहिल्या गटात मी म्हटलं होतं, ‘वर्तुळात उभं राहायचं म्हणजे नंतर फुगडी आहे का?’ कोणीही हसलं नाही. तेव्हाच चप्पल पायात घालायला हवी होती.

दुसरा गट आमच्याच गच्चीवर जमला. चौघं: मी, एक शाळेतली बाई, एक मुलगा, आणि ओझरहून येणारी एक मैत्रीण. सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं, ध्यानाचा गट आहे. ते म्हणाले, पाण्याच्या टाकीपासून लांब बसा. आमचं सर्वांत मोठं भांडण झालं ते लूनसावरून. मी म्हणाले, बाजरी काढणीला येईल तेव्हा करू. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तारीख बदलायची तर मग तो लूनसा कशाला म्हणायचा? दोन महिने धुसफुस चालली. शेवटी १ ऑगस्टला नुसतं पावसाचं पाणी भरून ठेवायचं आणि बाजरीच्या वेळी भाकरी करायची, असं ठरलं. आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं. पण ते पाणी भरून ठेवणं मला एकटीला सुचलं नसतं.

आणि एक. वडील गेले त्या वर्षी साऊइनला माझ्याच्याने काही होईना. पूर्वजांची रात्र, आणि मला समई लावायचंही बळ नव्हतं. त्या तिघांनी वर्तुळ आखलं, आवाहनं केली, वडिलांचं नाव घेतलं. मी नुसती मधे बसले. शंकरपाळे आणि द्राक्षाचा रस पुढे आला तेव्हा खाल्लं. एकोणीस वर्षांत माझ्याकडून झालेला सर्वांत खरा विधी तो, आणि त्यात मी काहीच केलेलं नाही.

नंतर ओझरची मैत्रीण बेंगळुरूला गेली, गटातल्या त्या मुलाचं लग्न झालं. आता वर्षातून तीन-चारदा जमतो. बाकी मी, माझा तांब्या आणि बंद पंखा.

तर तू काय करावंस? माझा कौल असा: आजपासून एक वर्ष आणि एक दिवस एकटीच कर, पण साक्षीदार ठेवून. आपल्याकडच्या कहाण्यांत वसा घेताना म्हणतात ना, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही, तसा. आठ सण आणि बारा-तेरा पौर्णिमा मिळून वर्षाला वीस-एकवीस विधी होतात. ते सगळे झेपणार नाहीत. पौर्णिमा धर, सणांपैकी चार निवड. मंत्र मोठ्याने म्हण, निदान कुजबुजण्याइतक्या आवाजात. घरात लोक असतील तर दुपारी म्हण. वही ठेव: काय केलं, काय वाटलं, त्या दिवशी किती झोपली होतीस, कोणावर चिडली होतीस. आणि दर तीन महिन्यांनी ती वही एका माणसाला वाचून दाखव. विक्कावाला नसला तरी चालेल, उलट नसलेला बरा. जी मैत्रीण ‘हा छंद आहे’ म्हणते ना, तीच घे. ती तुला खोटं कौतुक ऐकवणार नाही, आणि मला माझ्या पाच वर्षांत नेमकं तेच मिळालं नव्हतं.

तुला घाईने गटात जा म्हणत नाही, कारण आठ महिन्यांत तुझं स्वतःचं असं काही अजून बसलेलं नाही. गटात गेलीस की त्यांचा ताल तुझा होतो. चांगला असला तर ठीक, वाईट असला तरी तुला कळणार नाही, कारण ताडून बघायला जवळ काही नसेल. मला तो पहिला गट पाच महिन्यांत सोडता आला, कारण माझ्याकडे माझी मागची खोली होती. ती मुलगी अडकली कारण तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

वर्षानंतर गटाला भेटायचं झालं तर पहिल्यांदा दिवसाढवळ्या, गंगापूर रोडच्या एखाद्या कॅफेत. कुठे जातेस हे घरी किंवा मैत्रिणीला सांगून. जुन्या परंपरांत विधी विवस्त्र करायची पद्धत आहे. त्याचा अर्थ तुला कोणी तो भाग सक्तीचा करू शकतो असा नाही, आणि पहिल्याच भेटीत तो विषय काढणाऱ्याकडे दुसरी भेट नको. रात्री पांडवलेणी, रामशेज, गंगापूर धरणाच्या काठाचे बेत करणारे उत्साही गटही टाळ. आपल्याकडे बिबट्या शहरात येतो, तो तुमचं वर्तुळ बघून थांबणार नाही. गच्ची बरी. राहिलेलं मीठ कुंडीत टाकू नकोस, झाड मरतं. आणि फुलं गोदेत नकोत, निर्माल्य कलशात.

‘विच’ या शब्दाचं थोडं. आपल्याला तो रील्समधून गोड वाटतो. आपल्याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात एखाद्या बाईला ‘भुताळीण’ ठरवलं की तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. तुझ्या खोलीतल्या मेणबत्तीला त्या कायद्याची भीती नाही. पण कोणी ‘माझ्या नवऱ्यासाठी काहीतरी कर’ म्हणत आलं आणि तू पैसे घेऊन चमत्काराचं आश्वासन दिलंस, तर तू त्याच रांगेत. मी दुसऱ्यासाठी काहीच करत नाही, फुकटसुद्धा.

आणि गट मिळत नाही म्हणून कळवण-सुरगाण्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मोबाइल घेऊन घुसणारी मंडळी मी पाहिली आहेत, ‘आपले देशी पेगन’ म्हणत. ते कोकणा लोकांचं व्रत आहे, त्यांचे नेम कडक आहेत, आणि त्यांना कोणी पेगन म्हणावं अशी त्यांनी मागणी केलेली नाही. बोलावलं तर पाहुणीसारखी जा आणि मागे उभी राहा.

कोजागरीला आम्ही जमू तेवढे गच्चीवर असतो, दूध आटवायचं काम माझ्याकडे. आईला काही समजवायचं नसतं अशी वर्षातली ती एकच पौर्णिमा. वसा पुरा झाला की ये, आणि वही आण.